मदतीनं गरिबी हटते का?



संध्याकाळी गावच्या पारावर चार माणसं बसली की एक वाद हमखास निघतो. एकजण म्हणतो, "सरकारनं इतका पैसा वाटला, पण गरीब होता तिथंच आहे. फुकटच्या पैशानं माणूस आळशी होतो." लगेच दुसरा म्हणतो, "पैसा आलाच कुठं? आणि आला तो वेळेवर आला का?" वाद रंगतो, रात्र होते, मंडळी घरी जातात आणि प्रश्न पारावरच राहतो. तो प्रश्न आज आपण थोडा उकलून पाहू.

विहिरीत पडलेल्या माणसाला आधी दोर हवा. दोर धरून तो तरंगतो, बुडत नाही. पण वर यायचं तर त्याला पायऱ्या हव्यात. सरकारी मदतही अशी दोन प्रकारची असते. दुष्काळात धान्य, नापिकीत भरपाई, कर्जमाफी ही दोराची मदत. विहीर, फळबाग, शिक्षण ही पायऱ्यांची. आपला घोळ होतो तो इथं. आपण दोर टाकतो आणि माणूस वर का आला नाही म्हणून त्यालाच बोल लावतो.

आपल्या विदर्भाचंच उदाहरण घ्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सारा देश हादरला, तेव्हा 2006 च्या जुलै महिन्यात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे ते जिल्हे. त्यातले 712 कोटी थकलेल्या व्याजाच्या माफीसाठी होते आणि सर्वांत मोठा वाटा, 2177 कोटी, सिंचन प्रकल्पांसाठी होता. व्याजमाफी ताबडतोब मिळाली. पण धरणाचं पाणी काही घोषणेबरोबर वावरात येत नाही.

त्याच काळात जोडधंदा म्हणून निम्म्या किमतीत दुभत्या गाई देण्यात आल्या. कल्पना वरवर पाहता चांगली होती. पण संकरित गाईला हिरवा चारा लागतो, सरकीची ढेप लागते, भरपूर पाणी लागतं. ज्याच्या घरी माणसांनाच उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावं लागतं, त्यानं गाईला काय पाजावं? आणि दूध निघालंच, तर ते घ्यायला गावात संकलन केंद्र नको का? कित्येकांनी त्या गाई पुन्हा विकून टाकल्या. एक वयस्क शेतकरी मला म्हणाले होते, "सर, गाय आम्हाले पोसन म्हनत होते, आम्हीच तिले पोसत बसलो." पैसा खर्च झाला हे खरं. पण घेणाऱ्याच्या घरात डोकावून कोणी पाहिलं नाही, हेही तितकंच खरं.

2008 च्या कर्जमाफीचंही तसंच. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकलेलं पीककर्ज पूर्ण माफ झालं. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला मात्र बाकीची रक्कम आधी भरल्यावर काही भाग सोडण्यात आला. आता आपल्याकडची कोरडवाहू जमीन कशी? सात-आठ एकर असूनही पावसानं दगा दिला की हाती कुटारच! कागदावर तो मोठा शेतकरी आणि घरात मात्र चणचण. शिवाय ज्याचं कर्ज सावकाराचं, त्याला बँकेच्या माफीचा उपयोग काय?

मग सगळी मदत वायाच जाते म्हणायचं का? मुळीच नाही. आपल्याच राज्यानं याचं उत्तर दिलेलं आहे. 1972 च्या मोठ्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडून, बांध घालून जगली. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. देशानं असा कायदा 2005 साली केला, म्हणजे महाराष्ट्रानं तो कितीतरी आधी करून दाखवला होता. 'फुकटच्या पैशानं माणूस आळशी होतो' म्हणणाऱ्यांनी वैशाखाच्या उन्हात टोपलं उचलणाऱ्या बाया आठवाव्यात. गरज नसलेला माणूस त्या कामाला येतच नाही.

पुढं 1990 साली याच हमीला फळबागेची जोड मिळाली. मजुरी मिटली की संपते, झाड मात्र मागं राहतं. काटोल, नरखेड, वरूडच्या मंडळींना सांगायला नको की संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणून एकदा रोपं वाटून भागत नाही, ती जगवावी लागतात. 2018 च्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदानाचे तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे हप्ते पाडले आणि ते जगलेल्या झाडांशी बांधले, त्यामागचं इंगित हेच. मदत झाडाबरोबर चालली पाहिजे.

शिक्षक बंधूंना आणखी एक उदाहरण सांगतो. 1913 साली बडोदा संस्थाननं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तीही सरकारी मदतच होती. ती दरमहा मिळाली आणि सलग तीन वर्षं मिळाली. तिचं पुढं काय झालं हे नागपूरच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. उलट माझ्या वर्गातल्या एका मुलीची शिष्यवृत्ती परीक्षा संपल्यावर जमा झाली. तोवर तिनं खोलीचं भाडं थकल्यानं गाव गाठलं होतं. रक्कम तीच, पण तिची पायरी हुकली.

आता थेट खात्यात पैसे येतात. 2019 पासून शेतकरी सन्मान निधीचे वर्षाला 6000 रुपये, 2024 पासून लाडक्या बहिणींना दरमहा 1500 रुपये. याला हसू नका. मृगाच्या तोंडावर आलेले 2000 रुपये बियाण्याची बॅग उधारीवाचून घेऊ देतात. बाईच्या स्वतःच्या खात्यातल्या पैशातून पोराची वही, सासूचं औषध येतं. पण एवढ्यानं गरिबी हटेल असंही समजू नका. हा दोर आहे, तो घट्ट धरा. मात्र पायऱ्या मागायचं सोडू नका.

म्हणून माझी एक विनंती आहे. गावात नवी योजना आली की ग्रामसभेत तीन प्रश्न उभे राहून विचारा: हा पैसा वेळेवर येणार का? ज्याला खरी गरज आहे, त्याचं नाव यादीत आहे का? आणि पैसा संपल्यावर मागं काय उरणार? गुरुजींनी यादी वाचून दाखवावी, अडलेल्याचा अर्ज भरून द्यावा आणि शिष्यवृत्तीची तारीख फळ्यावर लिहून ठेवावी.

मदतीनं गरिबी हटते का? हटते, पण घेणाऱ्याचं घर, वावर आणि ऋतू पाहून दिली तर. आणि ते पाहायला लावणं हे तुमच्या-माझ्या हातात आहे.