योग सर्वांच्या दारी
(योगस्वयंसेवकांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योगविद्येला जे नवे वळण मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या भूमीचा वाटा फार मोठा आहे. १९१८ साली योगेंद्रजींनी मुंबईनजीक वर्सोवा येथे 'योग इन्स्टिट्यूट'ची स्थापना केली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास 'कैवल्यधाम' उभारले आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांची क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने तपासणी करून योगाला प्रयोगशाळेची कसोटी लावली. १९३७ साली तरुण बी. के. एस. अय्यंगार पुण्यास आले ते अवघ्या काही महिन्यांच्या अध्यापनासाठी. पण पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. विदर्भात जनार्दनस्वामींनी १९५१ साली नागपुरात योगाभ्यासी मंडळ स्थापन करून विनामूल्य योगशिक्षणाचा परिपाठ घालून दिला.

या चौघांच्या पद्धती भिन्न होत्या. एकाचा भर गृहस्थाच्या दिनचर्येवर, दुसऱ्याचा शास्त्रीय संशोधनावर, तिसऱ्याचा आसनातील अचूकतेवर, तर चौथ्याचा घरोघरी जाऊन करावयाच्या निःशुल्क प्रसारावर. परंतु चौघांनीही एक गोष्ट समान केली. गिरिकंदरात आणि मठांत वावरणारी ही विद्या त्यांनी सर्वसामान्य गृहस्थाच्या अंगणात आणली. आता पुढचा प्रश्न उभा राहतो, तो असा की ज्याला अंगणच नाही, त्याच्यापर्यंत ती कोणी न्यावयाची?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव संमत केला आणि २०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून साजरा होऊ लागला. त्या दिवशी मैदाने भरून जातात ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मैदानात कोण आले याबरोबरच कोण आले नाही, याचीही नोंद स्वयंसेवकाने घेतली पाहिजे. तेंदूची पाने कापीत घरी बसलेली विडी कामगार स्त्री तेथे नसते. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरणारे ऊसतोड जोडपे नसते. चाकांच्या खुर्चीवरील तरुण नसतो, कारण मैदानाच्या फाटकाला पायऱ्या असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी २९ लक्षांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. देशातील दिव्यांगांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. या आकड्यांमागील माणसांपर्यंत पोहोचणे हे योगस्वयंसेवेचे खरे क्षेत्र होय.

दिवसभर राबणाऱ्याला आसने कशाला?

कष्टकऱ्यांच्या वस्तीत वर्ग सुरू झाला की पहिल्याच दिवशी हमखास एक प्रश्न येतो. "दिवसभर अंग मोडून काम करतोच की, मग आणखी व्यायाम कशाला?" हा प्रश्न अज्ञानातून आलेला आहे असे समजून पुढे जाणारा स्वयंसेवक पहिल्याच पायरीवर चुकतो. तो प्रश्न अत्यंत रास्त आहे आणि त्याचे उत्तर तितक्याच प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

श्रम आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रमात शरीर एकाच दिशेने, एकाच रीतीने, पुनःपुन्हा वापरले जाते. विडी कामगार स्त्री मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसते. मान खाली, खांदे पुढे, बोटे अखंड चालू. ऊसतोड मजूर कमरेत वाकून बुडख्याशी कोयता घालतो, मोळी बांधतो आणि ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवितो. त्या शरीराला आणखी कष्ट नको असतात; हवी असते ती उलट दिशेची हालचाल आणि शिस्तबद्ध विश्रांती. सूप बाजूला ठेवून हात पाठीमागे गुंफणे, छाती उघडणे, भिंतीला पाठ टेकून मान सरळ करणे, पाच मिनिटे पोटऱ्या एखाद्या पेटीवर टेकवून उताणे पडणे, एवढाही अभ्यास त्यांच्यासाठी पुरेसा अर्थपूर्ण आहे. थकलेल्याला सूर्यनमस्कारांची संख्या सांगणे म्हणजे त्याच्या ओझ्यावर आणखी एक मोळी ठेवणे होय.

येथे एक मर्यादाही स्पष्टपणे मान्य करावी लागेल. अपुरी मजुरी, पाण्याची व शौचालयाची गैरसोय, औषधोपचाराचा अभाव यांवर आसन हा उपाय नाही. कामगाराची पाठ दुखते याचे कारण पुष्कळदा त्याच्या कामाच्या रचनेत असते आणि ती रचना सुधारणे हे शासनाचे, मालकाचे व संघटनेचे कर्तव्य आहे. योगाने ते कर्तव्य झाकले जाता कामा नये. दुखणे थोडे हलके झाले, झोप बरी लागली, आपल्या शरीराकडे लक्ष देण्याचा दिवसातून एक क्षण मिळाला, तर योगाने आपले काम केले. त्याहून मोठे वचन देणे अनुचित ठरेल.

या मर्यादित वचनाला आज संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात अल्प उत्पन्न गटांतील, विविध वंशांच्या ३२० प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुनाट कंबरदुखीसाठी आखलेला बारा आठवड्यांचा योगवर्ग भौतिकोपचाराच्या तुलनेत उणा ठरला नाही. हा वर्ग सोपा, क्रमाने चढत जाणारा आणि प्रत्येकाच्या क्षमतेनुसार बदलता येणारा असा मुद्दाम आखलेला होता. गरीब रुग्णांना 'हे जमणार नाही' असा समज त्यामुळे खोटा ठरला.

साधन नव्हे, सोय

योगासाठी महागडी साधने लागतात, हा आणखी एक गैरसमज. अय्यंगारांच्या पद्धतीत आज खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळा व लोड यांना मोठे स्थान आहे. परंतु या विचाराचा उगम साध्याच वस्तूंत आहे. विटा, दगड, भिंत, हाताशी येईल ते घेऊन आजारी वा ताठर शरीराला आसनात आधार देता येतो, हे त्यांनी दाखविले. स्वतः बालपणी सतत आजारी व अशक्त असलेल्या माणसाकडून हा विचार पुढे यावा, हे स्वाभाविकच होते. ज्याला स्वतःचे शरीर एकेकाळी साथ देत नव्हते, त्यालाच दुसऱ्याच्या शरीराची अडचण कळली.

महाराष्ट्रातील कोणत्याही घरात ही सामग्री असते. गोधडीची घडी म्हणजे लोड, जुन्या लुगड्याची पट्टी म्हणजे पट्टा, बसायचा पाट म्हणजे ठोकळा आणि शाळेतील बाक म्हणजे खुर्ची. ज्याला जमिनीवर बसता येत नाही त्याने खुर्चीवर बसून करावे; ज्याला बसताही येत नाही त्याने खाटेवर पडल्या पडल्या श्वासाकडे लक्ष द्यावे. पतंजलींनी आसनाच्या व्याख्येत स्थैर्य आणि सुख यांनाच महत्त्व दिले आहे. पायाचे बोट डोक्याला लागले पाहिजे असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. हठयोगप्रदीपिकेतही वार्धक्य, व्याधी वा दुर्बलता या अभ्यासाच्या आड येणाऱ्या गोष्टी मानलेल्या नाहीत. तेव्हा 'सुलभ योग' ही मूळ विद्येची पातळ आवृत्ती नसून तिच्या गाभ्याशी जवळचे नाते सांगणारी गोष्ट आहे. जनार्दनस्वामींच्या शिकवणुकीत 'यथाशक्ति' या शब्दाला जे स्थान होते, त्याचा अर्थही हाच.

शिकविण्याआधी विचारावे

दिव्यांग व्यक्तींबरोबर काम करताना सद्भावना पुरेशी नसते; रीत ठाऊक असावी लागते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला 'असे करा' ही सूचना निरर्थक आहे. 'उजवा तळहात उजव्या गुडघ्यावर, बोटे पुढे' असे नेमके शब्द हवेत आणि हाताला धरून स्थिती दाखवावयाची झाल्यास आधी परवानगी हवी. कर्णबधिर व्यक्तीला डोळे मिटावयास सांगितले तर शिक्षकाशी असलेला तिचा एकमेव दुवा तुटतो. म्हणून विश्रांती कशी संपणार याची खूण आधीच ठरवावी. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या कित्येकांच्या तळपायांत व तळहातांत संवेदना नसते. तापलेल्या फरशीवर पाय भाजला तरी त्यांना कळत नाही. तेथे वर्गापूर्वी जमिनीला स्वतःचा हात लावून पाहणे आणि वर्गानंतर पावले तपासणे, हा योगाभ्यासाचाच भाग समजावा. चाकांच्या खुर्चीला न विचारता हात लावू नये. ती त्या व्यक्तीच्या शरीराचाच विस्तार असते.

बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाची उभारणी आरंभिली तेव्हापासून महाराष्ट्राला एक धडा मिळाला आहे. ज्यांना समाज दयेचे विषय मानतो, त्यांना दया नको, सन्मान हवा असतो. योगस्वयंसेवकाने हा धडा विसरू नये. तो उपकार करावयास जात नाही. तो शिकवावयास आणि शिकावयास जातो.

भाषेचाही विचार आवश्यक आहे. सोलापुरात अनेक विडी कामगार कुटुंबांच्या घरी तेलुगू बोलली जाते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. सूचना त्या बोलीत झाल्या तर वर्ग त्यांचा होतो, नाहीतर तो पाहुण्याचाच राहतो. त्याचप्रमाणे ओंकार वा श्लोक यांची सक्ती कोणावरही नसावी. ज्याला म्हणावयाचे त्याने म्हणावे, ज्याला शांत बसावयाचे त्याने बसावे. श्वासाला जात नाही आणि धर्मही नाही. स्त्रियांच्या वर्गाची वेळ त्यांनीच ठरवावी. नळाला पाणी येण्याची वेळ चुकवून, दार लोटून घेऊन, साडी नीट सांभाळता येईल अशाच हालचाली घेतल्या तर दुसऱ्या दिवशी संख्या वाढते.

आरोग्याची सावधगिरी

स्वयंसेवक हा वैद्य नव्हे, याचे भान सदैव असावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण यांची विचारपूस वर्गापूर्वी एकांतात करावी. अशा व्यक्तींना डोके खाली करण्याची आसने, कपालभातीसारख्या वेगवान क्रिया आणि श्वास रोखून धरणे देऊ नये. ठिसूळ हाडांच्या वृद्धांना जोराने पुढे वाकवू नये. क्षयाचे, मधुमेहाचे वा रक्तदाबाचे औषध कोणी योगाच्या भरवशावर बंद करू लागला तर त्याला तत्काळ थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. गावातील आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्याशी संपर्क ठेवल्यास हे काम सोपे होते. एका माणसाचे औषध सुटले तर शंभर वर्गांचे पुण्य वाया गेले असे समजावे.

सातत्य हीच कसोटी

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सातत्याचा आहे. उपेक्षित वस्त्यांनी उत्साही पाहुणे पुष्कळ पाहिले आहेत. ते येतात, छायाचित्रे काढतात आणि पुन्हा दिसत नाहीत. प्रत्येक वेळी अशा पाहुण्यामागे थोडा अविश्वास मागे राहतो आणि पुढच्या स्वयंसेवकाला तो फेडावा लागतो. म्हणून जेथे वर्षभर जाणे शक्य नाही तेथे वर्षाचे वचन देऊ नये. आठवड्यातून एक दिवस, परंतु ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ, हे रोजच्या अनिश्चित वर्गापेक्षा श्रेष्ठ. ऊसतोड मजूर हंगामात गाव सोडून जातात. तेव्हा त्यांच्यासाठी वर्गही गावात व कारखान्याच्या तळावर असा दोन्ही ठिकाणी जोडून आखला पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांचा अभ्यास सहा महिन्यांत पुसला जातो.

आणि वर्ग चालविण्याचे अंतिम उद्दिष्ट स्वयंसेवकाची गरज संपविणे हेच असावे. त्याच वस्तीतील एखादी स्त्री, एखादा निवृत्त गिरणी कामगार, वसतिगृहातील एखादा दृष्टिहीन विद्यार्थी पुढे यावा, त्याने सूचना द्याव्यात आणि बाहेरून आलेल्याने मागच्या रांगेत बसून त्या पाळाव्यात. ज्या दिवशी विडी कामगार स्त्री शेजारणीला सांगते, "सूप ठेव, खांदे मागे घे, दोन घटका श्वास मोज," त्या दिवशी योग खऱ्या अर्थाने त्या दारी पोहोचला. ते दार उघडून देणे एवढेच स्वयंसेवकाचे काम. आत घर ज्याचे त्याचे आहे.