फेफऱ्याचीं पहिलीं पांच मिनिटें

घरांत कोणाला फेफऱ्याचा झटका आला म्हणजे एकच धांदल उडते. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, कोणी वहाण हुंगवितो, कोणी मुठींत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. आणि दोन-तीन मिनिटांत झटका थांबला म्हणजे त्याचें श्रेय वहाणेला मिळतें. वस्तुतः बहुतेक झटके आपोआपच थांबतात. प्रश्न आहे तो न थांबणाऱ्या झटक्याचा. आणि त्या वेळीं ज्या वस्तूकडे कोणाचेंच लक्ष नसतें, ती म्हणजे भिंतीवरचें घड्याळ.

सर्वांगाला आचके देणारा झटका पांच मिनिटांत ओसरला नाहीं, तर तो आपण होऊन ओसरण्याचा संभव कमी होत जातो. अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचें भय असतें. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें या दोन मर्यादा २०१५ सालीं आंखून दिल्या. या मधल्या काळांत एक विलक्षण गोष्ट घडते. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम हीं औषधें मेंदूच्या पेशींवरील ज्या कुलुपांत बसून आपलें काम करतात, तीं कुलुपेंच झटका लांबला कीं पेशींच्या आंत ओढलीं जातात. किल्ली तीच, पण ती लावावयाची कोठें?

आतां नांदेड व लातूर जिल्ह्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. मोठीं शासकीय रुग्णालयें जिल्ह्याच्या ठिकाणीं. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरांहून दूर; उदगीरहून लातूर गांठावयास तासाहून अधिक वेळ लागतो. घरचे लोक मायेपोटींच जवळचें रुग्णालय मागें टाकून थेट मोठ्या दवाखान्याकडे गाडी हांकतात. आणि औषधाचा गुण ज्या वेळांत यावयाचा, तो वेळच रस्त्यावर खर्ची पडतो.

कोणी म्हणेल, लहान रुग्णालयांत मेंदूचे तज्ज्ञ नाहींत, यंत्रें नाहींत. तेथें जाऊन काय उपयोग? परंतु पहिल्या उपचाराला यांपैकीं कशाचीच गरज नाहीं. रोग्यास कुशीवर वळवावें, प्राणवायु द्यावा, थेंबभर रक्तांतील साखर पाहावी आणि औषध टोंचावें. शीर सांपडत नसेल तर मिडाझोलाम स्नायूंतही देतां येतें. अमेरिकेंतील २०१२ सालच्या मोठ्या चांचणींत असें औषध रुग्णवाहिकेंतच मिळालेल्यांपैकीं शेंकडा ७३ जणांचा झटका रुग्णालयाच्या दारीं पोंचेपर्यंत थांबला होता. शिरेंत लोराझेपाम मिळालेल्यांत हेंच प्रमाण ६३ होतें. शिवाय लोराझेपाम शीतपेटींत ठेवावें लागतें, मिडाझोलाम नाहीं; मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत ही सोय लहान नव्हे.

श्वास मंदावेल या भीतीनें मात्रा अपुरी देण्याचा प्रघात मोठ्या देशांतही आढळतो. भीति निराधार नाहीं. श्वासावर नजर हवीच. तथापि सॅन फ्रान्सिस्को येथील २००१ सालच्या चांचणींत श्वासाचे व रक्ताभिसरणाचे उपद्रव औषध मिळालेल्यांत शेंकडा सुमारें १०, तर न मिळालेल्यांत २२ हून अधिक आढळले. श्वासाचा खरा वैरी झटकाच आहे.

एवढ्यानें भागलें नाहीं तर लेव्हेटिरासेटाम, फॉस्फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट द्यावयाचें. २०१९ सालच्या चांचणींत या तिहींपैकीं प्रत्येकाचा गुण सुमारें निम्म्या रोग्यांना आला. कोणतेंही एक श्रेष्ठ ठरलें नाहीं. तेव्हां दुर्मिळ औषधाची वाट न पाहतां, रोग्याला वर्ज्य नसलेलें जें कपाटांत असेल तें वेळेवर द्यावें. गर्भवतीच्या रक्तदाबामुळें येणाऱ्या आचक्यांवर मात्र मॅग्नेशियम सल्फेट हेंच मुख्य औषध. मग रोग्यास पुढें पाठवावें. चिठ्ठींत झटका सुरू झाल्याची वेळ आणि दिलेली मात्रा अवश्य असावी.

घरच्या माणसांचें काम याहून सोपें आहे. दांतांत चमचा घालूं नये, तोंडांत पाणी ओतूं नये, घड्याळ पाहावें, आणि पांच मिनिटें होतांच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून जवळचें रुग्णालय गांठावें. ज्या घरांत हा विकार आहे, त्या घरानें एखाद्या सवडीच्या दिवशींच तेथें जाऊन विचारावें कीं, हें औषध येथें आहे काय, आणि रात्रीं तें कोण देईल? झटक्याच्या वेळीं हा प्रश्न विचारण्यास अवसर नसतो.