त्रिनिदादच्या किनाऱ्यावर नऊ तास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सुपेला येथे केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी जे वक्ते बोलून गेले, ते आपापल्या विषयांतले अधिकारी पुरुष होते. आम्हीही अधिकारीच, परंतु केंद्र सरकारचे! बी. ए.ची पदवी आणि तीस वर्षांचे टिपणीलेखन एवढीच आमची वाङ्मयसेवा. तरीही कार्यवाहांनी आग्रह धरला, की कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर काढलेल्या त्या एका दिवसाविषयी आपण बोलावे. एका दिवसात बेट काय कळणार, अशी शंका आपल्या मनात येईल आणि ती रास्त आहे. त्या दिवशी आम्हाला बेट थोडे कळले. स्वतःविषयी मात्र बरेच कळले. म्हणून हे धाडस.

२०१९ सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. आमची कन्या व जावईबापू अमेरिकेत असतात. त्यांनी आम्हा उभयतांना दक्षिण कॅरिबियन सागरातल्या जलप्रवासाला नेण्याचे ठरविले. सरकारी नोकराला खाजगी कारणासाठी परदेशी जायचे, तर आधी कार्यालयाची परवानगी लागते. तो अर्ज, त्यावरची टिपणी, त्या टिपणीवरची पृच्छा आणि त्या पृच्छेचे उत्तर हा प्रवास प्रत्यक्ष प्रवासाहून लांबला, एवढेच सांगून पुढे जातो.

जहाज एकेका बेटाला एकेक दिवस देई. इतर बेटांवर लोक वाळूत पडून राहत, आम्हीही राहिलो. ते वर्णन करीत नाही, कारण वाळूत पडून राहण्यात सांगण्याजोगे काही नसते. पण एके दिवशी सकाळी आठ वाजता आमचे जहाज त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन हिच्या धक्क्याला लागले. त्या घटकेला आपल्याकडे सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. पाच वाजता जहाजावर परत हजर व्हावे, अशी सक्त सूचना होती. म्हणजे हाताशी तास नऊ!

त्रिनिदाद हे बेट व्हेनेझुएलाच्या अगदी उशाशी आहे. १४९८ साली कोलंबसाने ते पाहिले आणि त्याला नाव दिले. पुढे स्पॅनिश लोकांकडून १७९७ मध्ये ते इंग्रजांनी घेतले आणि १९६२ साली ते स्वतंत्र झाले. धक्क्यावर उतरताच कानी पडले ते पोलादाचे संगीत. तेलाच्या रिकाम्या पिंपांचे तळ ठोकून, त्यांतून सप्तसूर काढणारे 'स्टीलपॅन' हे वाद्य याच बेटावर गेल्या शतकात जन्माला आले. गोऱ्या सरकारने गरिबांच्या ढोलांवर बंदी घातली, तेव्हा त्यांनी बांबू आपटले; मग डबे बडवले; आणि शेवटी पिंपांतून सूर काढले. आमचे आयुष्य पोलादनगरीच्या छायेत गेले. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हापासून इथल्या पोलादाचे रूळ साऱ्या देशात पसरले. पण पोलाद गातेही, हे पाहायला आम्हाला सातासमुद्रापार जावे लागले.

धक्क्याबाहेर एक साठीचे गृहस्थ टॅक्सी घेऊन उभे होते. वर्ण सावळा, केस पांढरे, भाषा त्या बेटाची हेल काढून बोललेली इंग्रजी. आम्ही भारतातून आलो आहोत हे कळताच त्यांनी भाड्याची घासाघीस बंद केली आणि दार उघडून उभे राहिले. आम्ही पाच जण आत बसलो : आम्ही, सौभाग्यवती, कन्या, जावईबापू आणि पाच वर्षांचा नातू.

पहिली इच्छा आमची. क्वीन्स पार्क ओव्हल! १९७१ च्या मार्चमध्ये याच मैदानावर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरविले. दिलीप सरदेसाईंच्या ११२ धावा आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांच्या ६५ व नाबाद ६७. त्याच दौऱ्यातल्या अखेरच्या कसोटीत गावसकरांनी पुन्हा इथेच १२४ आणि २२० धावा काढल्या. संपूर्ण मालिकेत ७७४. आम्ही त्या वेळी आठ वर्षांचे होतो. वडील वर्तमानपत्रातला धावफलक मोठ्याने वाचत आणि वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर ही नावे आली की त्यांचा आवाज किंचित चढे. मराठी मुलुखापासून दूर राहणाऱ्या माणसाला धावफलकातही माहेर भेटते! मैदानाचे फाटक बंद होते. पहारेकऱ्याने आमचे वय आणि उत्साह पाहून पाच मिनिटांसाठी आत सोडले. समोर हिरवळ, मागे उत्तरेकडची डोंगररांग. आम्ही टोपी काढून उभे राहिलो. त्याच गावसकरांवर त्या बेटाच्या एका शाहिराने कॅलिप्सो गीत रचले. पराभूतांनी विजेत्याचे गाणे करावे, हे औदार्य दुर्मीळच म्हणावयाचे.

तेथून गाडी दक्षिणेकडे निघाली. शहर मागे पडले आणि घरांच्या अंगणांतून उंच बांबूंवर फडकणारी लाल, पिवळी निशाणे दिसू लागली. त्यांना तेथे 'झंडी' म्हणतात. पूजा झाली की अंगणात झंडी रोवायची. वाटेत चग्वानास लागले. नोबेल पारितोषिक मिळविणारे व्ही. एस. नायपॉल यांच्या आजोळचा सिंहांच्या शिल्पांचा वाडा इथेच. पण आमचे लक्ष वाड्यापेक्षा रस्त्याकडेच्या ठेल्यांकडे अधिक होते. चालकांनी एका ठेल्यापाशी गाडी थांबविली आणि एक तळलेला पदार्थ आणून दिला. त्याला ते 'सहीना' म्हणाले. सौभाग्यवतींनी तो मोडून पाहिला आणि त्या जवळजवळ ओरडल्याच, "अहो, ही तर अळूवडी!" खरेच होते. अळूची पाने, त्यांत डाळीचे वाटण आणि वर तळणी. आपल्या छत्तीसगढी शेजारणी कोचईच्या पानांची ईढर करतात, तिचीच ही सातासमुद्रापलीकडची बहीण. तिथे पालेभाजीला 'भाजी'च म्हणतात आणि मिरवणुकीत जो 'तासा' वाजतो, तो आपला ताशाच.

ही सगळी चीजवस्तू तिथे गेली कशी? इंग्रजी साम्राज्यात १८३८ पर्यंत गुलामी संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. मळेवाल्यांनी मग हिंदुस्थानाकडे नजर वळविली. ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून निघालेले पहिले जहाज त्रिनिदादला पोचले. वाटेत तीन महिन्यांहून अधिक काळ गेला होता. १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे अशी गेली; बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली आणि बिहारातली. पाच वर्षांचा करार, कामावर गैरहजर राहिल्यास तुरुंग आणि मळा सोडून हिंडायचे तर मालकाची चिठ्ठी. ही पद्धत बंद व्हावी म्हणून १९१२ साली केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडणारे होते आपले गोपाळ कृष्ण गोखले. ठराव फेटाळला गेला. पद्धत बंद झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

आमच्या चालकांनी भ्रमणध्वनीवर एका जुन्या कागदाचे छायाचित्र दाखविले. त्यांच्या पणजोबांचा तो परवाना होता. नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव, उंची आणि अंगावरची खूण. आमच्या सेवापुस्तकातही 'ओळखीच्या खुणा' असा रकाना असतो. त्यामुळे तो कागद आम्हाला परका वाटला नाही. जिल्हा बस्ती, हे वाचता आले. गावाचे नाव मात्र कारकुनाने इंग्रजीत असे काही लिहिले होते, की आम्ही तीन प्रकारे उच्चारून पाहिले आणि शेवटी हात टेकले. चालक हसले; पण ते हसणे आम्हाला लागले. एका कारकुनाच्या निष्काळजी लेखणीने एका कुळाचे गाव पुसून टाकले होते आणि आम्ही तीस वर्षे लेखणीवरच जगलो आहोत.

वॉटर्लू या गावी आम्ही समुद्रातले मंदिर पाहिले. त्याची कथा अशी : शिवदास साधू नावाच्या एका मळेमजुराने १९४७ साली किनाऱ्यावर देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची निघाली. देऊळ पाडण्यात आले आणि साधूला चौदा दिवसांचा तुरुंगवास घडला. बाहेर आल्यावर तो म्हणे विचार करू लागला, की जमीन कंपनीची, समुद्र कोणाचा? मग सायकलवर दगड आणि सिमेंट वाहून त्याने भरतीच्या पाण्यात भर घालायला सुरुवात केली. लोक हसले. त्याने पंचवीस वर्षे हे काम केले. १९९५ मध्ये, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली त्या सुमारास, त्या जागी आजचे देऊळ उभे राहिले. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती; चिखलात पांढरे पक्षी चरत होते आणि बाजूच्या स्मशानभूमीत एका चितेची राख अजून निवायची होती. जवळच कारापिचैमा येथे दत्तात्रेयांच्या नावाच्या आश्रमात पंच्याऐंशी फूट उंचीचा हनुमान उभा आहे. चालकांनी हात जोडून हनुमानचालिसा म्हटली. उच्चार थोडे वेगळे, पण एक शब्द सुटला नाही.

"अर्थ कळतो?" असे आम्ही विचारले. त्यांनी मान हलविली. आणि मग संकोचून त्यांनी उलट आम्हालाच एक प्रश्न केला. त्यांची आजी (तेही 'आजी'च म्हणाले) त्यांना शाळेत धाडताना डोक्यावर हात ठेवून रोज एक वाक्य म्हणे. आजी जाऊन पन्नास वर्षे झाली. आई-वडील इंग्रजीच बोलत. वाक्याचा अर्थ विचारायचा राहून गेला. आज कोणी सांगणारे उरले नाही. त्यांनी ते वाक्य म्हणून दाखविले : "नीके रहिह, बबुआ."

बंधुभगिनींनो, आमच्या बी. ए.ला हे वाक्य नव्हते. पण भिलाईत आमच्या भिंतीला भिंत लावून छपऱ्याकडचे एक कुटुंब राहत असे. त्या घरातल्या वृद्ध माता आमच्या कन्येला परीक्षेला जाताना अगदी हेच म्हणत. आम्ही सांगितले, "याचा अर्थ, बाळा, सुखरूप राहा." ते गृहस्थ काही बोलले नाहीत. गाडीच्या टपावर हात ठेवून समुद्राकडे पाहत उभे राहिले. तेवढ्यात आमचा नातू, ज्याला मराठीतला 'आजी' हा एकच शब्द नीट येत होता, तो सौभाग्यवतींचा पदर ओढून इंग्रजीत विचारता झाला, "यांचीही आजी होती?"

परतीच्या वाटेवर वाहनांची रांग लागली आणि जहाज चुकते की काय, अशी धास्ती पडली. पाचला सात मिनिटे असताना आम्ही धक्क्यावर पोचलो. चालकांनी ठरलेल्या भाड्यापेक्षा एक पैसा अधिक घेतला नाही. नातवाच्या डोक्यावर हात ठेवून तेच वाक्य म्हणाले. या खेपेला अर्थासह.

रात्री जहाजाच्या कठड्यापाशी उभे असताना आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती आज आपणासमोर कबूल करावयाची आहे. आपल्या मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग काहींना स्मरत असेल. आमची कन्या तिथे दोन वर्षे जात होती. आठवीत गणिताची शिकवणी लागली, तिची वेळ रविवारचीच. आम्ही मराठी वर्गातून तिचे नाव काढले. ती रडली होती. आम्ही म्हणालो, "मराठी काय, घरात आहेच." आमच्यासारख्या इतरही सुज्ञ पालकांनी हाच विचार केला असावा, कारण पुढे मुलांअभावी वर्ग बंद पडला. त्रिनिदादच्या माणसांची भाषा मळेवाल्यांनी, सक्तीने आणि सव्वाशे वर्षांच्या काळाने नेली. आमच्या घरची आम्ही स्वतः, एका रविवारी, गणिताच्या शिकवणीसाठी सोडून दिली.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. परभाषेचा आम्हाला द्वेष नाही. छपऱ्याच्या शेजारणीची बोली कानी नसती, तर त्या गृहस्थांना उत्तर देता आले नसते. आपल्या शेजारच्या राजनांदगावी गजानन माधव मुक्तिबोध राहिले. ते हिंदीचे मोठे कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे. दोन्ही भाषा एका घरात सुखाने नांदू शकतात. भाषा मरते ती शेजारच्या भाषेमुळे नव्हे. 'घरात आहेच' या भरवशामुळे मरते.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही नातवाशी दूरध्वनीवर अर्धा तास मराठीत बोलतो. पहिले वर्ष फार कठीण गेले. आता तो पत्र लिहितो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतात आणि आम्ही त्या दुरुस्त करीत नाही. कन्याही त्याच्याबरोबर बसते.

मंडळाला आमची एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तो रविवारचा वर्ग पुन्हा सुरू करावा. जागा मंडळाची असावी, खडू-फळा आमचा. आमची सेवानिवृत्ती आता दूर नाही, त्यामुळे शिकविण्यास आम्ही तयार आहोत. सुरुवातीला तीनच मुले आली तरी चालतील; शिवदास साधूने सुरुवात एका सायकलवर केली होती.

नीके रहा.