सभामंडप आणि श्वासाचा अभ्यास
(जीर्णोद्धार समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या देणग्यांतून हा सभामंडप उभा राहिला. येथे भजन, सप्ताह होणारच. रोजचा एक तास योगाभ्यासाला द्यावा, अशी माझी पंचांना विनंती आहे. "देवळात कसरत कशाला?" असे काहींनी विचारले, म्हणून दोन शब्द बोलतो.

देऊळ आणि योग ही जोडी आपल्या भागात जुनी आहे. वैनगंगेच्या संगमावर आंभोऱ्याला चैतन्येश्वराचे देऊळ आहे. २०२४ साली पूल झाल्यापासून भंडाऱ्याकडून जाणे सोपे झाले. नाथपरंपरेतील हरिनाथांची समाधी तेथे दाखवतात. त्याच परंपरेतील मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ साली, 'विवेकसिंधु' तेथेच रचला असे आपण मानतो. अंबाजोगाईकर तो मान आपल्याकडे घेतात. तो वाद पंडितांनी मिटवावा. पुढे १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध, प्राण, कुंडलिनी हे सारे मराठीत आले. सप्ताहात आपण तो अध्याय वाचतो आणि पान उलटतो.

कुंडलिनीची गोष्ट गुरूंकडे ठेवू. आपला आरंभ साध्या श्वासाचा. श्वास घेताना छाती आणि पोट यांमधला पडदा खाली सरकतो, म्हणून पोट पुढे येते. चार मोजून घ्यावा, सहा मोजून सोडावा. असा सावकाश सोडला की नाडी मंदावते, जीव निवांत होतो. कुंभक, म्हणजे श्वास कोंडणे, जाणत्याशिवाय करू नये. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी तर नकोच. दम्याचे औषधही सोडू नये.

"आम्ही शेतात राबतो, आणखी योग कशाला?" असेही ऐकले. रोवण्याच्या दिवसांत आपल्या मायबहिणी दिवसभर चिखलात वाकून असतात. पाठ एकाच बाजूला वाकते. भुजंगासनात ती हळूच उलट दिशेला जाते. कमरेतून पायात कळ उतरत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. तेव्हा हा तास स्त्रियांनाही हवा. पहाटे त्यांना चूल आणि गोठा असतो. वेळ त्यांनाच विचारून ठरवावी.

राहिला खर्च. नागपूरला जनार्दनस्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ स्थापले. स्वामी १९७८ मध्ये गेले, पण मंडळ चालू आहे आणि तेथे विनामूल्य शिकवतात. गावातून एक पुरुष व एक स्त्री तेथे शिकायला पाठवू. सतरंज्या भजनी मंडळाकडे आहेतच. मंडपाची किल्ली कोणाकडे ठेवायची, तेवढे पंचांनी आज सांगावे.