नंबर टाकलेला गंजीफ्रॉक

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



संयोजकांनी मला 'नौदलातले अनुभव' असा विषय दिला आहे. त्यांना वादळं, परदेशची बंदरं असं काहीतरी अपेक्षित असणार. ते सगळं जेवताना सांगतो. आत्ता मी कपड्यांबद्दल बोलणार आहे.

माझा शाळेतला शर्ट तुमच्या लक्षात असेल. एकच होता. शनिवारी धुवायचा आणि पावसाळ्यात चुलीवरच्या दांडीवर वाळत टाकायचा. त्यामुळे सोमवारी माझ्या अंगाला धुराचा वास यायचा. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण बाकावर थोडे सरकून बसायचात. हसू नका, मला आठवतंय!

१९८५ साली मी नौदलात निवडला गेलो. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. एसटीने मुंबई आणि तिथून रेल्वेने थेट ओरिसा. चिल्का सरोवराच्या काठी आयएनएस चिल्का हे नौसैनिकांचं प्रशिक्षण केंद्र आहे. ते १९८०मध्ये सुरू झालं, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा तसं नवंच होतं. पहिल्या दिवशी केस कापले आणि मग स्टोअरच्या खिडकीपुढे रांगेत उभं केलं. आतल्या माणसाने विचारलं, "साइज?" मला माझा साइज माहीत नव्हता. तयार कपडे घेतले होते कोणी? त्याने वरून खाली एकदा पाहिलं आणि एकेक वस्तू टाकायला सुरुवात केली.

पांढरा गणवेश. खाली रुंद होत जाणारी बेलबॉटम पँट. पांढऱ्या तीन रेघांची निळी कॉलर, काळा रेशमी रुमाल, पांढरी दोरी, गोल टोपी. रोजच्या कामाला फिकट निळा शर्ट आणि गडद निळी पँट, त्याला आम्ही 'आठ नंबर' म्हणायचो. काळे बूट, कॅनव्हासचे बूट, मोजे, टॉवेल, चार गंजीफ्रॉक, मग, ताट. शिवाय सुई, दोरा आणि बटणं ठेवलेली एक छोटी कापडी पिशवी. तिचं नाव 'हाउसवाइफ'. यादीत ते नाव वाचल्यावर पंजाबपासून केरळपर्यंतची सगळी पोरं एकदम हसली. आमची पहिली ओळख त्या हसण्यात झाली. हे सगळं एका किट-बॅगेत कोंबून खांद्यावर घेतलं, तेव्हा मी वाकलो होतो. पण खरं सांगतो, इतका श्रीमंत मी आधी कधीच नव्हतो.

इन्स्ट्रक्टर सांगायचे, कॉलरवरच्या तीन रेघा म्हणजे नेल्सनच्या तीन लढाया आणि काळा रुमाल म्हणजे त्याचं सुतक. आम्ही ते माना डोलावून ऐकायचो. पुढे वाचनात आलं की नेल्सन वारला १८०५ साली आणि ब्रिटिश खलाशांचा गणवेश ठरला १८५७मध्ये. बावन्न वर्षांनी कोण सुतक पाळतं? पण गोष्ट छान आहे, मीही पुढे नवीन पोरांना तीच सांगितली.

प्रत्येक कपड्यावर पक्क्या शाईने आपापला नंबर टाकायचा होता. मग यायचं 'किट मस्टर'. सगळं सामान ठरलेल्या क्रमाने मांडायचं, घड्या एका रुंदीच्या, नंबर वर. अधिकारी एकेक वस्तू मोजत जायचा. वस्तू कमी भरली तर तिचे पैसे पगारातून जायचे आणि किट-बॅग खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या माराव्या लागायच्या. चोरी मात्र वेगळी गोष्ट. चोर ठरला की घरी.

सरोवराकाठची हवा दमट, पावसात कपडे वाळता वाळत नसत. मस्टरच्या आदल्या दिवशी दोरीवरचा माझा एक गंजीफ्रॉक नाहीसा झाला. वाऱ्याने गेला की कोणी नेला, देव जाणे. मी पगारातले पैसे घरी पाठवत होतो, त्यातून एक रुपयाही कमी होऊ द्यायचा नव्हता. आणि भीती तर होतीच.

माझा नंबर सातने संपायचा. शेजारच्या पलंगावरच्या हरियाणाच्या मुलाचा एकने. इंग्रजी आकडे. एकच्या डोक्यावर एक रेघ ओढली की सात होतो. मित्रांनो, ती रेघ मी ओढली. संध्याकाळी, संडासात बसून.

दुसऱ्या दिवशी माझे चार भरले, त्याचे तीन. त्याने काही सबब सांगितली नाही. नियमाप्रमाणे पैसे कापले गेले आणि भर दुपारी तो किट-बॅग घेऊन मैदानाला चार फेऱ्या मारून आला. रात्री त्याच्या खांद्यावर वळ होते. मी त्याला खोबरेल तेल दिलं. गंजीफ्रॉक दिला नाही.

तो मी फार वेळा घातलाच नाही. प्रशिक्षण संपायच्या आदल्या रात्री सगळे बॅगा भरत होते. मी तो बाहेर काढला, त्याच्यापुढे धरला आणि काय केलं ते सांगितलं. तो म्हणाला, "पता था."

केव्हापासून? तर दुसऱ्या दिवशी धुणं धुताना दिसलं तेव्हापासून. नव्या शाईची रेघ जास्त काळी होती, हे एक. दुसरं म्हणजे त्या सातच्या पोटातून एक आडवी रेघ गेली होती. असा सात आमच्या खोलीत फक्त मी काढायचो. ओरिसातल्या त्या संडासात घाबरून आकडा खोडताना हाताने सवयीने तीही रेघ मारली होती, मला कळलंही नव्हतं.

ही सवय कोणाची, ते तुम्हाला सांगायला नको. एक आणि सात यांत घोटाळा नको म्हणून गणिताच्या सरांनी आपल्या सगळ्यांच्या हाताला लावलेली. सर समोर बसले आहेत. सर, तुमच्यामुळे मी पकडला गेलो.

मी विचारलं, मग तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, "बोलता तो तू घर जाता. मेरे तो चार चक्कर ही लगे." मग गंजीफ्रॉक माझ्या हातातून घेतला, "मेरी है," म्हणाला आणि आपल्या बॅगेत कोंबला.

आम्ही वेगवेगळ्या जहाजांवर गेलो. काही वर्षं पत्रं होती, मग थांबली. २०२३च्या मार्चमध्ये अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं संचलन चिल्काला झालं, ते मी टीव्हीवर पाहिलं. अंधार पडल्यावर, दिव्यांच्या उजेडात. त्यात मुलीही होत्या. सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कोण कुठल्या घरातून आलंय ते ओळखू येत नव्हतं. मला मात्र वाटत होतं, या पांढऱ्या कपड्यांच्या आत प्रत्येकाचा नंबर आहे, आणि यातल्या कोणाचा तरी आज एक गंजीफ्रॉक कमी असेल.

ही गोष्ट मी बायकोलाही उशिरा सांगितली. आज तुम्हाला सांगतोय, कारण ज्या बाकावर तुम्ही सरकून बसायचात, त्याच बाकावर माझी पाटी फुटली तेव्हा तुमच्यापैकीच एकाने आपली अर्धी वही फाडून दिली होती. तेही मला आठवतंय. तो आज आलेला आहे, नाव घेतलं तर उठून जाईल.

ती हाउसवाइफ मी अजून ठेवली आहे. आज सोबत आणली आहे. कोणाचं बटण तुटलं असेल तर जेवणानंतर भेटा, फुकट लावून मिळेल.