चित्रातली कात्यायनी आणि आपल्या घरातला मुलगा

सगळ्या गटांतल्या ताया, आक्का, मावश्या, भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या साऱ्याजणींना माझा रामराम.

बचत, व्याज, परतफेड हे आपण दर आठवड्याला बोलतोच. आज एका चित्रांच्या पुस्तकाबद्दल आणि ते करणाऱ्या दोघांबद्दल बोलणार आहे. त्यातून पुढे एक अवघड गोष्ट सांगायची आहे. लहान मुले जवळ असली तरी चालेल, काही वाईट बोलणार नाही.

आपल्या बैठकीत मी फ्लिपचार्ट आणते, तो तुम्हाला माहीत आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यासुद्धा चित्र बघून अख्खी गोष्ट सांगतात. तसेच हे पुस्तक आहे. नाव ‘आरण्यक’. २०१९ साली निघाले. इंग्रजीत आहे. मी बीए झालेली असले तरी इंग्रजी वाचायला मला शब्दकोश लागतो. चित्रे होती म्हणून पुस्तक पार पडले. नंतर ते मी एका गटाच्या बैठकीत नेले, तर बायकांनी बचत गोळा करायची सोडून आधी पुस्तकच बघितले.

गोष्ट आहे याज्ञवल्क्य ऋषींची. उपनिषदात त्यांच्या दोन बायका आहेत, मैत्रेयी आणि कात्यायनी. मैत्रेयीशी ऋषी ज्ञानाचे बोलतात. कात्यायनीला काय, तर बायकांपुरतीच समज, एवढे सांगून तिला बाजूला ठेवले आहे. म्हणजे जी चुलीपाशी होती, तिचे कुणी ऐकलेच नाही. या पुस्तकात ती कात्यायनी बोलते. अंगाने आडवीतिडवी, खायला आवडणारी, रांधणारी बाई. भूक म्हणजे काय, दुसऱ्याची भूक ओळखणे म्हणजे काय, हे तिला चुलीपाशी कळते. पुस्तक बघून एक आजी म्हणाल्या, “ही तर आपलीच.”

चित्रे आणि लेखन अमृता पाटील यांचे. जन्म पुण्याचा, शिक्षण गोव्याच्या कला महाविद्यालयात आणि पुढे अमेरिकेत. २००८ साली त्यांचे ‘करी’ नावाचे चित्रकादंबरीचे पुस्तक आले. त्यातली नायिका मुंबईत नोकरी करणारी मुलगी आहे आणि तिचे प्रेम दुसऱ्या एका मुलीवर आहे. नंतर त्यांनी महाभारतावर ‘आदिपर्व’ आणि ‘सौप्तिक’ ही दोन पुस्तके केली. २०१७ साली महिला दिनाला राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

‘आरण्यक’ मध्ये त्यांच्यासोबत होते देवदत्त पट्टनायक. घर ओडिया, पण जन्म आणि शिक्षण मुंबईचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. दवाखाना मात्र थाटला नाही. औषध कंपन्यांत बरीच वर्षे नोकरी केली आणि ती करता करता पुराणांचा अभ्यास केला. १९९७ साली शंकरावर पहिले पुस्तक लिहिले. आज त्यांची पन्नासाहून जास्त पुस्तके आहेत, मराठीतही आली आहेत. पुस्तकातली साधी रेघांची चित्रे ते स्वतः काढतात.

त्यांना जुन्या कथांतली कोणती माणसे आवडतात बघा. २००८ सालच्या कादंबरीत युवनाश्व राजा आहे. राण्यांसाठी मंतरलेले पाणी त्याने चुकून प्यायले आणि त्यालाच दिवस गेले. २०१४ सालच्या पुस्तकाच्या नावातच शिखंडी आहे. ज्यांना लोक हसतात किंवा ज्यांची गोष्ट अर्धीच सांगतात, अशी माणसे त्यांनी शोधून काढली.

मग ६ सप्टेंबर २०१८ हा दिवस आला. दोन पुरुषांचे किंवा दोन बायकांचे, दोघे सज्ञान आणि दोघांच्या मर्जीचे, संबंध हा गुन्हा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या कायद्यातले ३७७ कलम तेवढ्यापुरते संपले. त्याच सुमारास पट्टनायकांनी दूरचित्रवाणीवर सगळ्यांदेखत सांगितले की मी समलिंगी आहे. समलिंगी म्हणजे ज्या पुरुषाचे मन पुरुषाकडे जाते, किंवा ज्या बाईचे बाईकडे. त्यांचे वय तेव्हा ४७ होते. त्यानंतरही ते लिहीत राहिले, लोक वाचत राहिले. पुढच्याच वर्षी ‘आरण्यक’ आले.

आता ती अवघड गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एका गावात बैठक संपल्यावर एक आई मागे थांबली. मला म्हणाली, “ताई, मन्हा पोऱ्या लगीनले नही म्हनस. काय करू?” मुलाने तिला थोडेफार सांगितले होते, मला मुलींबद्दल तसे वाटत नाही म्हणून. तिने ते मला सांगितले. मी नवी होते, घाईत होते, पुढच्या गावाची गाडी पकडायची होती. मी म्हणाले, “करून द्या लग्न. बायको आली की होईल सरळ.”

लग्न झाले. हळद लागली, वाजंत्री वाजली. सव्वा वर्षाने मुलगी माहेरी परत आली. तिला वाटत होते, आपल्यातच काही खोट आहे. लोकही तेच म्हणत होते. मुलगा गाव सोडून गेला. दोन घरांचे कर्ज झाले, ते अजून फिटत आहे. मी त्या मुलीला भेटायला गेले तेव्हा तिने मला पाणी दिले आणि एवढेच विचारले, “मला आधी कुणी का नाही सांगितलं?” मला उत्तर देता आले नाही.

शिखंडीची गोष्ट पूर्ण वाचली तेव्हा मला तीच आठवली. द्रुपदाने मुलगी झाली ते लपवले, मुलगा म्हणून वाढवले आणि लग्नही लावून दिले. सून घरात आली आणि तिला खरे कळले. तिने दायांना सांगितले, त्यांनी तिच्या बापाला कळवले आणि बाप सैन्य घेऊन निघाला. शिखंडीचे पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे, कारण त्याच्यामुळे भीष्म पडले. पण त्या सुनेच्या मनाचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. लपवून लावलेल्या लग्नात एक लेकही भरडली जाते, मैत्रिणींनो, आणि ती कुणाच्या तरी पोटची असते.

म्हणून आता मला कुणी आई विचारते तेव्हा मी काही गोष्टी सांगते. त्या तुम्हालाही सांगते.

पहिली, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच तो आजारांच्या यादीतून काढला. त्यामुळे अंगारे, भगत, “सरळ करण्याचे” औषध यांवर पैसे घालू नका. असा उपचार करणे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असे वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितले आहे.

दुसरी, आईच्या संगोपनात काही चुकले म्हणून असे होत नाही. तुमच्या भाकरीत काही कमी नव्हते.

तिसरी, लग्न हा त्यावरचा उपाय नाही. मुलगा किंवा मुलगी “नको” म्हणत असेल तर पाहुणे बोलवायच्या आधी शांतपणे ऐका. एका दिवसात सगळे समजेल असे नाही. दोन पुरुषांच्या लग्नाला आपल्या कायद्यात अजून मान्यता नाही, २०२३ साली न्यायालयाने ती दिली नाही. पण तसे जगणे गुन्हा नाही, आणि मारहाण करणे, कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे.

चौथी, मूल गप्प गप्प राहत असेल, जीव नको म्हणत असेल, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर फोन करा. फुकट आहे, रात्रीही चालतो. आणि फसवून लग्न झालेल्या मुलीला तालुक्याच्या विधी सेवा समितीत वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

पाचवी आपल्या गटासाठी. कुणी विश्वासाने सांगितले तर ते बैठकीच्या सतरंजीवर राहू द्या, पाण्याच्या टाकीपाशी नेऊ नका.

यंदा कानबाईच्या रोटांच्या दिवसांत आणखी एका आईने मला हेच विचारले. या वेळी मी गाडी सोडली. दोघी ओट्यावर बसलो. ती म्हणाली, “लोक काय म्हणतील?” मी म्हणाले, “म्हणतील, आक्का. चार दिवस म्हणतील. पण कुणाची तरी लेक आणून रडवली, तर ते जन्मभर म्हणतील.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि मुलासाठी वेगळा काढलेला रोट फडक्यात बांधला. मुलगा नाशिकला कामाला आहे. दुसऱ्या दिवशी ती स्वतः एसटीने त्याच्याकडे गेली. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पाहुण्यांचा कार्यक्रम मात्र तिने पुढे ढकलला आहे.

सगळ्यांची भूक एकसारखी नसते. आपण रांधणाऱ्या बायका, हे आपल्याला नवे नाही. कुणाला कळण्याची भाकरी लागते, कुणाला ज्वारीची. ताटात काय वाढायचे ते आधी विचारून घेऊ.

पुढच्या वेळी पीक कर्जाच्या कागदपत्रांबद्दल बोलू. येते मैत्रिणींनो. रामराम.