मिटल्या फुलाचा निवडुंग
(शिक्षकांच्या निसर्ग-अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पांढऱ्या लोकरीत गुंडाळल्यासारखा, बारीक खांबाप्रमाणे सरळ वाढणारा एक निवडुंग आपल्यापैकी काहींनी रोपवाटिकेत किंवा एखाद्या गच्चीवर पाहिला असेल. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम नावाचा गोंधळ दूर करू. काटेरी व मांसल झाड दिसले की आपण त्याला सरसकट निवडुंग म्हणतो. परंतु कुंपणावरचा, तोडताच पांढरा चीक देणारा त्रिधारी निवडुंग हा एरंडाच्या कुळातील आहे. खऱ्या निवडुंगाचे काटे व फुले खोडावरील लहानशा लोकरी गादीतून निघतात. हे कुळ मूळचे बहुतांशी अमेरिका खंडांतील असून, आपल्याकडचा फड्या निवडुंगही माणसानेच तिकडून आणलेला आहे.

आपला पांढरा खांब ‘क्लिस्टोकॅक्टस’ या प्रजातीतील आहे. बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिना, पॅराग्वे आदी देशांत तिच्या अनेक जाती आढळतात. शार्ल लमेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये तिला हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘क्लिस्टोस’ म्हणजे मिटलेला. हिचे नळीसारखे फूल पूर्ण उमलल्यावरही जवळजवळ मिटलेलेच दिसते.

दक्षिण बोलिव्हियातील तारिजा परिसराच्या डोंगराळ भागात वाढणारी ‘स्ट्रॉसी’ ही जाती पाहा. खोड सुमारे ६ सेंटिमीटर जाड, उंची ३ मीटरपर्यंत आणि अंगावर सुमारे २५ कडा. पावसात पाणी साठले की या कडा भात्याच्या घड्यांप्रमाणे फुगतात आणि कोरड्या दिवसांत आकसतात. दाट पांढरे काटे कडक उन्हापासून व थंडीपासून खोडाचे रक्षण करतात. खोडावरील रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लरूपाने साठविला जातो व दिवसा उन्हात त्यापासून अन्न तयार होते. पाण्याची एवढी काटकसर क्वचितच कोणी करीत असेल.

आता फुलाकडे वळू. गडद लाल, सुमारे ६ सेंटिमीटर लांबीची नळी खोडातून आडवी बाहेर येते. तिच्या तोंडातून पुंकेसर व कुक्षी किंचित डोकावतात. ‘स्मॅराग्डिफ्लोरस’ या दुसऱ्या जातीत लाल नळीचे टोक पाचूसारखे हिरवे असते. अशा अरुंद नळीच्या तळाशी असलेला मध हवेत तरंगत, लांब चोचीने पिणारा पक्षी म्हणजे हमिंगबर्ड. मध पिताना त्याच्या डोक्याला पराग लागतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोहोचतात. हमिंगबर्ड आपल्या देशात नाही. मधासाठी फुलांवर येणारे आपले शिंजीर त्याच्याशी काहीसे मिळतेजुळते, पण कूळ वेगळे. दार मिटलेले दिसते, तरी ज्याच्यासाठी ते आहे त्याला ते उघडेच असते.

म्हणूनच हे झाड डोंगरावरून उपटून आणणे म्हणजे केवळ एक रोप कमी करणे नव्हे. त्या पक्ष्याचा घास आणि त्या उतारावरची पुढची पिढीही त्याबरोबर जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत निवडुंग कुळातील सुमारे ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. शेतीचा विस्तार, चराई आणि हौशी संग्राहकांसाठी होणारी उपटणूक ही त्याची प्रमुख कारणे होत. बहुतेक सर्व निवडुंग १९७३ च्या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या कक्षेत येतात. भारत १९७६ मध्ये या करारात सामील झाला आणि २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव अधिनियमात या कराराच्या अंमलबजावणीची तरतूद झाली.

हौस सोडा, असे मी म्हणत नाही. या निवडुंगाचे खोड कापून काप काही दिवस सावलीत सुकू द्यावा आणि पाणी चटकन निचरणाऱ्या वाळूमिश्रित मातीत लावावा. त्याला मुळे फुटतात. बियांपासूनही रोपे होतात. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बागेसाठी खरेदी करताना रोप बियांपासून अगर कलमापासून वाढविलेले आहे काय, एवढे अवश्य विचारावे. ग्राहकाने हा प्रश्न विचारला, तरच विक्रेता तो पुढे विचारील.

मुलांना कुंडीतील हे झाड दाखवाल, तेव्हा त्याचा डोंगर व त्याचा पक्षीही सांगा. त्याशिवाय धडा अपुरा राहील.